खलनायकाचे गाव कोणते?

संक्रांतीच्या तोंडावर, १२ जानेवारी २०२४ रोजी, प्रशांत वर्मा दिग्दर्शित 'हनुमान' हा तेलुगू चित्रपट पडद्यावर आला. त्याच दिवशी महेश बाबूसारख्या बड्या नटाचा 'गुंटूर कारम्' प्रदर्शित झालेला असतानाही तेजा सज्जा या तरुण नटाच्या चित्रपटाने बाजी मारली आणि हिंदी रूपातही तो देशभर चालला. खेड्यातला एक भुरटा चोर, त्याच्या हाती लागलेला दैवी मणी आणि त्यातून उभा राहिलेला सुपरहीरो ही कथा प्रेक्षकांना भावली. तथापि चित्रपटाचे कौतुक करणाऱ्यांपैकीही अनेकांनी एक आक्षेप नोंदविला. तो होता खलनायकाविषयी. नायक या मातीतला, गाव या मातीतले, देवही याच मातीतला. मग हा मायकल कोठून आला, असा तो प्रश्न होता.

वरवर पाहता हा करमणुकीच्या दुनियेतला किरकोळ वाद आहे. पैसे मोजून तिकीट काढावे, दोन-अडीच तास मजेत घालवावेत, खलनायक पटला नाही तर विसरून जावे, असे कोणी म्हणेल. परंतु चित्रपटातला खलनायक म्हणजे समाजाने एका प्रश्नाला दिलेले उत्तर असते. 'आपल्या दुःखाला जबाबदार कोण?' हा तो प्रश्न. नायक कसा असावा याबद्दल बहुतेकांचे एकमत असते. वाईट कोण, याबद्दल मात्र कधीच नसते. म्हणून खलनायक कथेला शोभतो की नाही, हा वाद कलेचा आहे तितकाच सार्वजनिक जीवनाचाही आहे.

सोलापुरात तर या वादाला आणखी एक पदर आहे. हातमाग आणि यंत्रमागाच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या पद्मशाली समाजामुळे शहराच्या पूर्व भागात तेलुगू ही घरातली भाषा आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड तितकीच सहज बोलली जाते. मराठी आणि उर्दू सर्वत्र आहेतच. त्यामुळे 'हनुमान' हा या शहरासाठी परप्रांतातून आलेला 'साउथचा पिक्चर' नाही. येथील अनेक कुटुंबांसाठी तो आजीच्या भाषेतला चित्रपट आहे. अशा शहराने त्यातल्या खलनायकाची झाडाझडती घ्यावी, हे योग्यच होय.

एका चित्रपटातले दोन खलनायक

'हनुमान'ची कथा अंजनाद्री नावाच्या काल्पनिक गावात घडते. हनुमंतू हा तिथला उनाड तरुण. थोरल्या बहिणीच्या, अंजम्माच्या, जिवावर जगणारा. गावावर गजपती नावाच्या पाळेगाराची सत्ता आहे. दरोडेखोरांपासून रक्षण करण्याच्या नावाखाली तो रयतेकडून पैसा उकळतो आणि जाब विचारणाऱ्याला आखाड्यात उतरवून चिरडतो. पुढे हनुमंतूला समुद्रात मणी सापडतो. मारुतिरायाच्या रक्ताच्या थेंबापासून झालेला हा मणी सूर्यप्रकाश असेतोवरच शक्ती देतो. त्या बळावर हनुमंतू गजपतीची मिजास उतरवतो. इथपर्यंत कथा एकसंध आहे.

मायकल मात्र या गावाचा नाही. सौराष्ट्रात वाढलेला हा मुलगा लहानपणापासून सुपरहीरो होण्याच्या वेडाने झपाटलेला आहे. सुपरहीरोंना आईबाप नसतात, असे त्याच्या लक्षात येते. मग तो स्वतःच्या आईबापांनाच संपवितो. मोठेपणी यंत्रांच्या साह्याने तो बलवान होतो, पण खरी शक्ती काही त्याला मिळत नाही. अंजनाद्रीतल्या चमत्काराची वार्ता कानी येताच तो लवाजम्यासह गावात उतरतो आणि गावाचे भले करण्याचे सोंग घेऊन मण्याच्या मागे लागतो.

मायकलच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कल्पना म्हणून हे पात्र हुशारीने योजलेले आहे. ज्याने शक्तीची कधी इच्छा केली नाही त्याला ती मिळते आणि ज्याने तिच्यासाठी जन्मदात्यांचा बळी दिला तो रिकाम्या हाताने राहतो, असा हा विरोध आहे. हनुमान हे दास्यभक्तीचे दैवत. सामर्थ्य असूनही ते स्वतःसाठी न वापरणारा, किंबहुना त्याचे विस्मरण झालेला देव. त्याच्या कथेत सामर्थ्याचा हव्यास हाच खल असणार, हे तर्काला धरून आहे. शिवाय परदेशी सुपरहीरोंच्या कथांत अनाथपण हे नायकत्वाचे जणू प्रमाणपत्र असते, त्यावर लेखकाने मारलेली ही मार्मिक कोपरखळीही आहे.

मग अडते कोठे? अडते ते कल्पना आणि कथा यांच्या सांध्यात. मायकलचा हनुमंतूशी पूर्वीचा काहीही संबंध नाही. त्याला अंजनाद्रीशी देणेघेणे नाही. मणी दुसऱ्या एखाद्या गावात सापडला असता तर तो तिकडे गेला असता. हनुमंतूच्या कोणत्याही उणिवेची, पापाची वा भित्रेपणाची फळे मायकलच्या रूपाने त्याच्यासमोर येत नाहीत. उलट गजपती हा त्याच गावाच्या भीतीतून, गावकऱ्यांच्या मौनातून पोसलेला आहे. त्याला हरविणे म्हणजे गावाने स्वतःची भीती हरविणे. परंतु चित्रपट गजपतीला मध्येच बाजूला सारतो आणि मोठ्या खलनायकाला रंगमंच मोकळा करून देतो. परिणामी गावाच्या आतला प्रश्न अर्धवट सुटतो आणि बाहेरचा शत्रू सगळ्या टाळ्या घेऊन जातो.

शोभण्याच्या तीन कसोट्या

खलनायक कथेला शोभतो याचा अर्थ काय? तो क्रूर असावा, त्याची वेशभूषा ठसठशीत असावी, संवाद तोंडी बसणारे असावेत, ही झाली बाह्य लक्षणे. कथेच्या अंगाने पाहिले तर तीन कसोट्या लावता येतात. नायक ज्या परिस्थितीतून घडला तिच्याशी खलनायकाचे नाते आहे काय, ही पहिली. त्याच्या जागी दुसरा कोणी दुष्ट आणून बसविला तर कथा कोसळते काय, ही दुसरी. आणि त्याच्यामुळे नायकाला स्वतःविषयी एखादा अवघड प्रश्न पडतो काय, ही तिसरी.

बासिल जोसेफ यांचा 'मिन्नल मुरली' हा मल्याळम चित्रपट २०२१ च्या डिसेंबरात आला, तो या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. एकाच गावातल्या दोघांवर एकाच रात्री वीज कोसळते. एक शिंपी जेसन आणि दुसरा, गावाने वेडसर ठरवून हेटाळलेला शिबू. दोघांनाही सारखीच शक्ती मिळते. दोघांनाही गावाने कमी लेखले आहे, दोघांनीही प्रेमभंग सोसला आहे. जेसनला माणसे मिळतात, शिबूला मिळत नाहीत. एवढ्या फरकाने एक नायक होतो आणि दुसरा खलनायक. गुरु सोमसुंदरम यांनी साकारलेला शिबू पाहताना प्रेक्षकाला त्याची भीती वाटते आणि अपराधीही वाटते. या माणसाला गावाने एकदा तरी नीट वागविले असते तर? हा प्रश्न चित्रपट संपल्यावरही उरतो.

हिंदी चित्रपटांचा अनुभव संमिश्र आहे. 'मिस्टर इंडिया'तला (१९८७) मोगॅम्बो तर व्यंगचित्रासारखा रंगविलेला. पण त्याच्या बॉम्बने टीना ही चिमुरडी मरते तेव्हा तो त्या अनाथ मुलांच्या घरात शिरतो आणि कथेचा होतो. 'क्रिश'मधील (२००६) डॉ. सिद्धांत आर्य याने नायकाच्या पित्याची बुद्धी वापरून घेतलेली असते. तेथेही धागा आहे. 'क्रिश ३'मधला (२०१३) काल तर रोहितच्याच अंशातून निर्माण झालेला. मात्र हे नाते शेवटी माहिती म्हणून कळते, अनुभव म्हणून भिडत नाही. 'रा.वन'ची (२०११) कल्पना यांहूनही धाडसी होती. मुलाला नायकापेक्षा खलनायक आवडतो, म्हणून बाप त्याच्यासाठी खेळात अजिंक्य खलनायक घडवितो आणि तोच खेळाबाहेर येऊन घरावर उलटतो. दुष्टाचे आकर्षण आपल्याच घरात, आपल्याच लेकराच्या मनात असते, असे सांगू पाहणारा हा चित्रपट होता. दसऱ्याच्या रावणदहनाचा प्रसंगही त्यात आहे. दुर्दैवाने पुढे करामतींच्या गर्दीत ही कल्पना हरवून गेली.

मराठीत निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदे यांना घेऊन 'बाजी' (२०१५) हा सुपरहीरो चित्रपट केला. खलनायकाची भूमिका जितेंद्र जोशी यांच्यासारख्या समर्थ नटाकडे होती. प्रयत्न दखल घेण्याजोगा होता, पण त्यातून मराठीत परंपरा उभी राहिली नाही. याचे कारण केवळ तुटपुंजे अंदाजपत्रक असे सांगितले जाते. आणखी एक कारण संभवते. मराठी चित्रपटाने खलनायक फार पूर्वीच इतक्या जवळून पाहिला आहे, की मुखवटा घातलेल्या, खजिन्यामागे धावणाऱ्या दुष्टाने तो सहसा समाधानी होत नाही.

सोलापूरच्या मातीतले खल

या विधानाच्या पुष्ट्यर्थ फार दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. जब्बार पटेल पंढरपूरला जन्मले आणि सोलापुरात शिकले. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर त्यांनी केलेला 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. निळू फुले यांनी त्यात उभा केलेला हिंदूराव धोंडे-पाटील हा साखर कारखानदारीतून सत्तेवर आलेला माणूस. तो रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरांना घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्यांच्याशी गप्पा मारतो. मारुती कांबळे या माजी सैनिकाचे काय झाले, एवढाच प्रश्न मास्तर विचारत राहतात. हिंदूरावाच्या हातून खून झाला आहे, पण गावात शाळा, रस्ते, रोजगारही त्याच्यामुळेच आहेत. त्याला काढून टाकले तर गावच उरत नाही. दुसऱ्या कसोटीचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर असलेल्या या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हिंदूरावाची ओळख पटवून देण्याची गरजच नव्हती.

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. 'सैराट'मध्ये (२०१६) आर्चीचे राजकारणी वडील आहेत, भाऊ आहे; पण शेवटचा घाव घालणारी माणसे माहेरची भेट घेऊन दारात येतात आणि त्यांच्यासाठी आर्ची चहा ठेवते. खलनायक येथे पाहुणा म्हणून घरात बसतो. 'फँड्री'त (२०१३) तर जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून प्रेक्षकाच्या दिशेने येतो. खल कोण, याचे उत्तर दिग्दर्शक बोटाने दाखवत नाही, दगडाने दाखवतो.

याच शहरात १९३२ साली जन्मलेल्या शशिकला यांची कारकीर्दही हेच सांगते. 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) या चित्रपटांनी त्यांना खलनायिका म्हणून अखिल भारतीय कीर्ती दिली. 'आरती'तली त्यांची भूमिका घरातल्या जाऊबाईची. तिच्याकडे ना पिस्तूल, ना टोळी. जीभ आणि घरातले स्थान एवढ्याच शस्त्रांवर ती संसार पोखरते. १९६०च्या दशकातल्या प्रेक्षकाला ती भयंकर वाटली, कारण तिच्यासारखी कोणी ना कोणी प्रत्येकाच्या नात्यात होती.

म्हणजे या मातीने दिलेले दिग्दर्शक आणि कलावंत एकच गोष्ट वेगवेगळ्या रीतीने सांगत आले आहेत. खल आतला असतो. तो कारखान्याच्या कार्यालयात असतो, दिवाणखान्यात असतो, जातीच्या अभिमानात असतो आणि कधी प्रेक्षकांच्या खुर्चीवरही असतो. या पार्श्वभूमीवर मायकलचे बाहेरून अवतरणे खटकल्यास नवल नाही.

पोकळी कशाने भरते?

कोणी म्हणेल, सुपरहीरोचा चित्रपट हा 'सामना' नव्हे. ती लोककथा आहे, पुराणाची नवी आवृत्ती आहे. तेथे देव देव असावा आणि राक्षस राक्षस. प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण देऊन त्याची कीव करायला लावणे, हीदेखील अलीकडची एक कंटाळवाणी प्रथाच झाली आहे. हा आक्षेप योग्य आहे. निखळ दुष्टाला कथेत जागा असलीच पाहिजे. पण आपली पुराणेही दुष्टाला कथेबाहेरचा ठेवत नाहीत, हे विसरता कामा नये. कंस हा कृष्णाचा मामा, हिरण्यकशिपू हा प्रल्हादाचा पिता, दुर्योधन हा पांडवांचा चुलतभाऊ. रावण दूरच्या लंकेचा असला तरी त्याच्या तपाची, विद्वत्तेची आणि शिवभक्तीची कथा आपण सांगतोच. परंपरेने दुष्टाची कीव केली नाही, मात्र त्याला गोत्र दिले, नाते दिले.

मुद्दा येथे गंभीर होतो. खलनायकाचे दुष्टपण त्याच्या कृतीत आणि कथेत रुजलेले नसेल, तर ती जागा रिकामी राहत नाही. प्रेक्षक त्या पोकळीत काहीतरी भरतो. जे सर्वांत सहज हाती लागते ते भरतो, आणि ते म्हणजे खलनायकाचे नाव, भाषा, वेश, प्रांत. मारुतीच्या भक्ताचे गाव आणि त्यावर चालून येणारा, यंत्रांनी सजलेला, मायकल नावाचा मनुष्य. दिग्दर्शकाच्या मनात कदाचित केवळ परदेशी सुपरहीरोंची टिंगल असेल. पण कथेने मायकलला पुरेसे कारण दिले नाही की त्याचे नावच कारण होऊन बसते. ज्याची कृती पुरेशी बोलत नाही, त्याचे आडनाव बोलू लागते.

ही शंका केवळ तात्त्विक नाही, हे २०२५ मध्ये दिसून आले. दुल्कर सलमान यांच्या वेफेरर फिल्म्सने निर्मिलेला आणि डॉमिनिक अरुण यांनी दिग्दर्शित केलेला 'लोका' हा मल्याळम चित्रपट ऑगस्टच्या अखेरीस प्रदर्शित झाला. कल्याणी प्रियदर्शन हिची चंद्रा ही त्यातली नायिका केरळातल्या नीली या यक्षीच्या दंतकथेवर बेतलेली. तिच्यासमोर उभा आहे नाचियप्पा गौडा हा बंगळूरमधला स्त्रीद्वेष्टा पोलीस अधिकारी. जुन्या काळात राजाच्या सत्तेने नीलीच्या माणसांना चिरडले, आज तीच सत्ता गणवेश घालून आली आहे, असा हा दुवा. कथेच्या दृष्टीने हा खलनायक शोभतो. तरीही चित्रपटातल्या एका पात्राच्या तोंडच्या संवादाने कर्नाटकातील लोकांच्या भावना दुखावल्या आणि निर्मात्यांना सप्टेंबरच्या प्रारंभीच जाहीर दिलगिरी व्यक्त करून तो संवाद बदलण्याची ग्वाही द्यावी लागली.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. पात्राच्या तोंडचे वाक्य म्हणजे लेखकाचे मत नव्हे, हे भान प्रेक्षकाने ठेवायला हवे. स्त्रीद्वेष्ट्या पात्राने स्त्रियांविषयी चांगले बोलावे, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. खलनायकाला प्रत्येक समाजाची संमती घेऊनच बोलायला लावले तर तो मुका होईल. परंतु एक प्रश्न लेखकालाही विचारता येतो. त्या पोलीस अधिकाऱ्याचे आडनाव शेजारच्या राज्यातल्या एका समाजाची ओळख सांगणारे नसते, तर कथेचे काय बिघडले असते? त्याचा स्त्रीद्वेष तसाच राहिला असता, गणवेशही तसाच राहिला असता. म्हणजे नाव ही कथेची गरज नव्हती. हीच चौथी कसोटी मानावी. खलनायकाचे नाव-गाव पुसून टाका. तो तरीही तितकाच वाईट राहतो काय? राहत असेल तर तो कथेचा आहे. राहत नसेल तर लेखकाने कष्ट वाचविण्यासाठी कोणाच्या तरी ओळखीचा वापर केला आहे.

या कसोटीवर मायकलला पूर्ण दोषी ठरविता येत नाही. आईबापांची हत्या करणारा मनुष्य कोणत्याही नावाने भयंकरच आहे. त्या प्रसंगापुरता तो कथेतला सर्वांत बलवान क्षण आहे. पण अंजनाद्रीत आल्यावर तो जे करतो ते कोणताही लोभी धनिक करू शकला असता. तेथे त्याच्या वेडाला गावाशी भिडण्याची संधीच मिळत नाही. समजा, मायकलने गजपतीच्या जाचाला कंटाळलेल्या गावकऱ्यांना खरोखरच सुखसोयी दिल्या असत्या आणि गावाने मणी द्यायचा की नाही यावर मतभेद केला असता तर? मग हनुमंतूला केवळ यंत्रमानवाशी नव्हे, तर आपल्याच माणसांच्या मोहाशी लढावे लागले असते. तो खलनायक या कथेला पुरेपूर शोभला असता. आहे तो मायकल कल्पनेला शोभतो, कथेला नाही.

चेहरा नसलेला शत्रू

सोलापूरला या भेदाचे महत्त्व इतिहासानेच शिकविले आहे. 'हनुमान' प्रदर्शित झाला ती १२ जानेवारी ही तारीख या शहराच्या काळजावर कोरलेली आहे. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मे १९३० मध्ये सोलापुरात उसळलेल्या आंदोलनानंतर सरकारने लष्करी कायदा पुकारला होता, त्याची ही परिणती. चौघांची आडनावे नुसती वाचली तरी हे शहर कोणाकोणाचे आहे ते कळते. या कथेतला खलनायक एखादा गोरा अधिकारी नव्हता. खटला, साक्षी, निकाल असे सारे सोपस्कार पार पाडणारी राजवट हा तो खलनायक होता. चौघांची घरे वेगळी, भाषा आणि धर्म वेगळे. पण शत्रू कोण, याबद्दल त्यांच्या मनात संभ्रम नव्हता, कारण त्याची ओळख त्यांनी नावावरून नव्हे, तर कृतीवरून पटविली होती.

पुढचा काळ अधिक अवघड होता. ज्यांच्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालत असे त्या जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हजारो कुटुंबांचे आयुष्य बदलले. या कथेचा खलनायक कोण? मालक, सरकार, संघटना, जुनाट यंत्रे, बदललेली बाजारपेठ. प्रत्येकाने आपापला खलनायक निवडला आणि कोणतेच उत्तर पुरे पडले नाही. जिल्ह्यात उजनीसारखे प्रचंड धरण असताना शहरातल्या नळाला अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड पाणी येत राहिले. त्याचा खलनायक कोण? अशा दुःखांना चेहरा नसतो. म्हणूनच अंधाऱ्या चित्रपटगृहात एखाद्याला चेहरा मिळतो तेव्हा मन सुखावते. कोणाकडे तरी बोट दाखविता येते आणि त्याला लोळविलेलेही पाहता येते.

या समाधानात गैर काही नाही. कष्टाने थकलेल्या माणसाला दोन तासांचा न्याय हवाच असतो. धोका पुढे आहे. ज्याला पडद्यावर शत्रू नेहमी बाहेरून आलेला, वेगळ्या नावाचा, वेगळ्या बोलीचा दिसतो, तो पडद्याबाहेरही शत्रू तसाच शोधू लागतो. एका पेठेत मराठी, दुसऱ्या पेठेत तेलुगू, पलीकडे कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या शहराला ही सवय परवडणारी नाही. येथे प्रत्येकजण कोणाच्या ना कोणाच्या कथेत 'बाहेरचा' ठरू शकतो. याचे एक गमतीदार उदाहरण म्हणजे अतुल कुलकर्णी. सोलापुरात घडलेला, 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारा हा मराठी नट तेलुगू प्रेक्षकांना प्रथम भेटला तो 'जयम् मनदेरा'चा (२०००) खलनायक म्हणून. आपला नायक दुसऱ्याच्या पडद्यावर खलनायक असतो, याची याहून चांगली आठवण कोणती?

'हनुमान'च्या पुढच्या भागाची, 'जय हनुमान'ची, घोषणा २०२४ मध्येच झाली आणि ऋषभ शेट्टी यांना हनुमानाच्या भूमिकेसाठी निवडल्याचेही जाहीर झाले. देवच नायक म्हणून उभा राहणार असेल, तर खलनायकाची निवड अधिकच कठीण. देवाला हरविण्याइतकी ताकद कोणाला द्यायची, हा प्रश्न तांत्रिक करामतींनी सुटेल. देवाच्या भक्तांना मोहात पाडेल असा खल कोठून आणायचा, हा प्रश्न मात्र लेखणीनेच सोडवावा लागेल. त्याचे उत्तर शोधायला लेखकांनी सौराष्ट्रात वा सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. अंजनाद्रीतच रयतेच्या गप्प बसण्यावर गब्बर झालेला एक पाळेगार होता. त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले तरी पुरे.

प्रेक्षकांचेही एक कर्तव्य आहे. नायकाची उडी किती उंच होती, याची चर्चा आपण घरी परतताना हौसेने करतो. त्याबरोबरच खलनायकाचे गाव कोणते, हेही विचारावे. ते गाव आपले निघाले, तर अस्वस्थ व्हायला होईल; पण तो चित्रपट अधिक काळ लक्षात राहील. ते गाव कायम दुसऱ्याचेच निघत असेल, तर मात्र सावध व्हावे.